रिकामी नळी

सर माती चाटतात, ही गोष्ट मी त्यांना भेटायच्या आधीच ऐकली होती. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात बी.एस्सी.ची पोरंसुद्धा ती एकमेकांना सांगत. मला वाटायचं, थट्टा असेल. मग पीएच.डी.साठी नाव घालायला त्यांच्या प्रयोगशाळेत गेले, तर ते खरोखरच खिडकीजवळ उभे होते. चिमटीत एक पांढुरकी गोळी, आणि जिभेचं टोक तिला टेकवलेलं. माझ्याकडे न पाहता त्यांनी बोटानंच 'थांब' म्हटलं. चिमूट सोडली तरी गोळी पडली नाही, जिभेला लटकून राहिली.

"पाह्यलं?" गोळी काढून ते म्हणाले. "भाजलेल्या मातीत बारीक भोकं असली का ते जिभेचं पाणी ओढून घेते. चिकटली तर कामाची. मशीन बी हेच सांगते, पण त्यासाठी नमुना पुण्याले धाडा लागते अन् दोन महिने वाट पाहा लागते." मग वरपासून खालपर्यंत माझ्याकडे पाहिलं. "कोठची तू?"

"अकोल्याची, सर."

"बाप काय करते?"

"खरादचं दुकान आहे. लेथचं."

"मंग लोखंड समजत असंन तुले. सोमवारपासून ये."

एवढीच माझी मुलाखत. मार्कशीट मी न दाखवताच परत आणली.

सरांचं सगळं आयुष्य एका प्रश्नावर खर्च होत होतं. आपल्याकडं संत्र्याच्या बागांतून ठिबकच्या जुन्या नळ्या निघतात. उन्हानं तडकल्या की लोक त्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ढीग घालून जाळतात, काळा धूर गावभर पसरतो. ते प्लास्टिक म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या. बंद नळीत तापवलं तर त्याची वाफ होते, पण गार झाल्यावर नुसतं मेणच हाती येतं. साखळ्या नीट तुटल्या तर मेणाऐवजी डिझेलसारखं पातळ तेल मिळेल. ते तोडायला मध्ये उत्प्रेरक लागतो. जगभर त्यासाठी महागडे धातू आणि बनवलेली खनिजं वापरतात. सरांचं म्हणणं, आपल्या काळ्या जमिनीखालच्या चिकणमातीत ती ताकद आहे. ती धुवायची, तिच्यावर थोडंसं निकेल चढवायचं, भाजायचं, झालं. दर तालुक्याला एक भट्टी, गावची माती, गावचं प्लास्टिक, गावचंच तेल. वीस वर्षं ते हेच करून राहिले होते, आणि वीस वर्षं नळीतून मेणच येत होतं.

मातीसाठी ते कुठंही उतरत. अमरावतीहून अकोल्याला जाताना रस्त्यालगत विहिरीचं खोदकाम दिसलं की एसटी थांबवायला लावायचे. कंडक्टर शिव्या द्यायचे. एकदा तेल्हाऱ्याकडं एका विहिरीत हे चाळीस फूट खाली उतरले आणि अर्धा तास वरच येईनात. वरच्या माणसांना वाटलं, यांना काही सापडलं. गुप्तधनाची बातमी गावात पसरली. सर वर आले ते रुमालात ओली माती बांधून, आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "सोन्यापेक्षा बरी हाये, पण तुमच्या कामाची नाही." लोकांनी रुमाल सोडून पाहिल्याशिवाय त्यांना जाऊ दिलं नाही.

प्रयोगशाळेत पंखा नव्हता. माती उडते म्हणून त्यांनीच काढून टाकला होता. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस, आत भट्टी साडेचारशेवर, आणि हे स्टुलावर बसून घामानं भिजलेल्या सदऱ्यात आकडे लिहायचे. संत्र्याला बंदी होती. अमरावतीत संत्र्याला बंदी! त्याचं कारण असं, की कोणे एके वर्षी कुण्या विद्यार्थ्यानं संत्रं सोलून त्याच हातानं तेलाचा नमुना यंत्रात भरला. सालीतल्या तेलाचा एक उंच सुळका आलेखावर आला आणि सरांनी तीन दिवस तो आपल्या मातीचा पराक्रम मानला. तेव्हापासून दारातच "हात दाखव" म्हणत आणि बोटांचा वास घेत. विभागप्रमुख बाईंच्या बोटांचाही एकदा घेतला होता.

कुणी "सर, रिझल्ट खूप छान आला" म्हटलं की ते डोळे मिटून घेत. "विशेषण घरी ठेवून ये. आकडा सांग." खुशीत असले की मला 'बेटा' म्हणत, रागावले की 'मॅडम'. सकाळी दारात "या मॅडम" ऐकू आलं, की आदल्या दिवशीची माझी वही त्यांनी तपासलीय हे समजायचं. पुण्याहून परीक्षक आले तरी सर त्यांच्याशी असंच बोलत. एक परीक्षक जरा दचकून म्हणाले होते, "तुम्ही आमच्यावर चिडला आहात का?" सर म्हणाले, "नाही बावा. हे तर मी लाडानं बोलून राहिलो."

मी गेले तेव्हा तिथं आणखी एकच विद्यार्थी होता, गजाननभाऊ. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, नांदगाव खंडेश्वरचा. घरची झेंडूची आणि भाजीची शेती. घरातला पहिलाच शिकलेला. चार वर्षं मेण मोजून मोजून तो पार थकला होता. मला म्हणायचा, "ताई, दुसरा गाइड पाह्य. इथं माणूस म्हातारा होते." पण स्वतः जात नव्हता. सर त्याला डब्यातली अर्धी भाकर देत. तो नको म्हणाला की, "खा बे. तुह्या मायनं पाह्यलं तर मले काय म्हणंन," असं दटावत.

माझ्या पहिल्याच वर्षी क्वार्ट्झची नळी तडकली. काचेसारखी, पण कितीही तापवा, न वितळणारी. नवी मागवायची तर कॉलेजकडून मंजुरीला वर्ष गेलं असतं. मी सहज बोलून गेले, की अब्बा पोलादाची करून देतील. सर दुसऱ्याच दिवशी माझ्यासोबत अकोल्याला आले.

अब्बांनी त्यांना दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं. भंगारातून एक जाड, चकचकीत नळी काढून दाखवली.

"ये बढिया माल आहे, सर. स्टेनलेस. एक वनस्पती तुपाचा कारखाना बंद पडला होता, त्यातली. वीस साल चालली, अजून गंज नाही. तोंडाले चूड्या, म्हणजे आटे, पाडून देतो, बूच लावून देतो. आतून घासू का?"

सरांनी नळी डोळ्याला लावून आरपार पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "नाही. जशी हाये तशीच राहू द्या."

अब्बांनी पैसे घेतले नाहीत. "बेटीच्या पढाईचं काम आहे," म्हणाले.

त्या नळीतून पहिल्याच महिन्यात तेल आलं. पिवळसर, पातळ, बाटली तिरपी केली की पाण्यासारखं धावणारं. गजाननभाऊनं ती बाटली उजेडात धरली आणि तिथंच खाली बसला. सर यंत्राजवळ उभे होते. आलेखाचा कागद हळूहळू बाहेर येत होता, आणि मेणाच्या जागी काहीच नव्हतं. मला वाटलं, ते ओरडतील, नाचतील.  ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. मग गजाननभाऊला म्हणाले, "पुन्हा कर."

त्यानं पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं.

पुढची तीन वर्षं चांगली गेली. दोन निबंध परदेशी नियतकालिकांत छापून आले. गजाननभाऊला डॉक्टरेट मिळाली, आणि त्या जोरावर अकोल्याकडच्या एका कॉलेजात नोकरी. पेढे घेऊन त्याचे वडील आले होते. त्यांनी सरांच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा सर इतके अवघडले, की सरळ उठून बाहेर व्हरांड्यात गेले. आम्ही हसलो. माणूसघाणा म्हणून त्यांचं नाव होतंच.

एक मात्र बदललं होतं, आणि ते मला तेव्हा विचित्र वाटलं नाही. सर मातीसाठी एसटीतून उतरेनासे झाले होते.

आता माझ्या चुकीची गोष्ट.

माझा प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. शेवटच्या काही खेपा उरल्या होत्या. त्याच आठवड्यात अमरावतीतच अब्बांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. सकाळी दवाखान्यातून थेट प्रयोगशाळेत आले, नळीत खाली प्लास्टिकचे तुकडे भरले, बूच आवळलं, आतली हवा घालवायला नायट्रोजन सोडला, भट्टी लावली. दुपारी तेल आलं, नेहमीसारखं. यंत्रात भरलं, आलेख नेहमीसारखा. संध्याकाळी वापरलेली माती काढायला नळी उघडली, तर आत माती नव्हती. सकाळी वजन करून ठेवलेली माती वाटीत तशीच होती. नळीत घालायला मी विसरले होते.

मी त्या वाटीकडं पाहत किती वेळ उभी होते, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सर बैठकीला गेलेले असताना मी मुद्दाम रिकामी नळी तापवली. त्यानंतरच्या आठवड्यात आणखी दोनदा. दर वेळी तेच तेल. मातीचा काही संबंधच नव्हता. वनस्पती तूप बनवताना तेलात निकेलची भुकटी मिसळतात. वीस वर्षं ते त्या नळीतून फिरलं होतं, आतल्या भिंतीला बसलं होतं. काम नळीची भिंत करत होती. कोणत्याही प्रयोगात पहिल्यांदा करायची गोष्ट म्हणजे उत्प्रेरक न घालता एक खेप काढून पाहणं. हे आम्ही बी.एस्सी.च्या पोरांना शिकवायचो. नळी बदलल्यावर आमच्यापैकी कुणीच ती काढली नव्हती.

ते आकडे मी वहीत लिहिले नाहीत. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं लिहून पर्समध्ये ठेवले. पाच आठवडे गप्प राहिले. घरी अब्बा अंथरुणाला, माझा प्रबंध दोन महिन्यांवर, गजाननभाऊची नोकरी नुकतीच कायम झालेली. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. सर "हात दाखव" म्हणायचे आणि मी हात पुढं करायचे.

बोलावं लागलं ते अब्बांमुळं. सरांनी नांदगाव पेठजवळ मोठी भट्टी उभारायचं ठरवलं होतं. बागवाल्यांनी जुन्या नळ्यांचे ढीगही आणून टाकले होते. भट्टीचं काम अब्बांकडंच. दुखण्यातून उठून ते दुकानात बसायला लागले होते. एका रविवारी ते मला म्हणाले, "तुझे सर ऐकून नाही राहिले. म्हणतात, नळी तुपाच्या कारखान्यातलीच पाहिजे, तसलीच. अरे, तसली आता कुठून आणू? नवी चांगली स्टील लावतो म्हटलं तर नाही म्हणतात. तू समजाव ना त्यायले."

सोमवारी दुपारी मी सरांना सगळं सांगितलं. ते स्टुलावर बसले होते. 

"किती खेपा?"

"चार."

"कवा समजलं तुले?"

"काल-परवाच, सर."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. "उद्या माह्यासमोर कर. गजाननले बी बलाव."

दुसऱ्या दिवशी नळी त्यांनी स्वतः धुतली, स्वतः भरली, स्वतः बूच लावलं. आम्ही तिघं तीन स्टुलांवर बसून राहिलो. तेल आलं. आलेख निघाला. सरांनी तो गजाननभाऊच्या प्रबंधातल्या आलेखावर ठेवून दोन्ही कागद खिडकीच्या काचेला लावले. रेघेवर रेघ बसली.

"माती काहीच करत नव्हती, गजानन," ते म्हणाले.

 गजाननभाऊ म्हणाला, "सर, हे आपल्या तिघायलेच माहीत हाये ना? पुढच्या निबंधात दुरुस्ती टाकू. नळीतल्या निकेलवरच नवीन काम करू. कोणाले काय फरक पडते?"

"छापलेलं खोटं हाये."

"मले माहीत होतं काय ते? मी खोटं केलं काय?" त्याचा आवाज चढला. "माती काही करत नसंन सर, पण माह्यं घर चालते तिच्यावर. लग्न ठरलं माह्यं."

सर खिडकीकडं तोंड करून उभे होते. "मले मालूम हाये," एवढंच म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी तीन पत्रं हातानं लिहिली. दोन नियतकालिकांना, एक विद्यापीठाला. निबंध मागे घेतो, दोष संपूर्ण माझा, विद्यार्थ्यांचा नाही. मोठ्या भट्टीचं काम त्यांनी फोनवरच थांबवलं. पत्रं पोस्टात टाकायला मीच सोबत गेले. परतताना ते म्हणाले, "तुहा प्रबंध गेला बेटा." मी म्हटलं, "हो सर." मला रडू येत नव्हतं. उलट छाती फुगली होती. एवढ्या सरळ माणसाच्या हाताखाली आपण शिकलो, असं काहीतरी.

दोष माझा असं लिहिल्यानं तो एकट्याचा राहत नाही, हे पुढं कळलं. चौकशी समिती बसली. सरांची गाइडशिप काढली, ते ठीकच होतं. पण गजाननभाऊच्या पदवीला आधार उरला नाही. ती रद्द झाली, मग नोकरी गेली, मग मुलीकडच्यांनी लग्न मोडल्याचा निरोप पाठवला. समितीसमोर सर त्याच्यासाठी दोन तास भांडले असं म्हणतात. त्यानं सरांचा फोन नंतर कधी घेतला नाही. माझा घ्यायचा, पण सरांचं नाव निघालं की "ठेवतो ताई" म्हणायचा. हल्ली तो तेल्हाऱ्यात दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेतो.

एका स्थानिक पेपरात मोठा मथळा आला, 'प्राध्यापकाचा इंधन घोटाळा'. सरांनी त्या वार्ताहराला फोन लावला. मी तिथंच होते. म्हणाले, "मथळा राहू द्या, बरोबर हाये. पण भट्टीचं तापमान तुमी साडेआठशे छापलं. साडेचारशे होतं. ते दुरुस्त करा." वार्ताहर बिचारा माफी मागायला लागला.

प्रयोगशाळेला कुलूप लागलं. पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले आणि बायकोला, आमच्या काकूंना, घेऊन अकोल्याच्या आपल्या जुन्या घरी गेले. मी नांदगाव पेठेतल्या एका कापडाच्या कारखान्यात लागले. रंगाचं पाणी तपासायचं काम. तिथं मी फार कडक म्हणून प्रसिद्ध आहे. रंग न मिसळलेल्या पाण्याची चाचणी आधी केल्याशिवाय कुणाचा आकडा घेत नाही. नव्या पोरी वैतागतात. त्यांना मी सरांची गोष्ट सांगायचे. माणसानं एका संध्याकाळी तीन पत्रं लिहून स्वतःची वीस वर्षं कशी पुसून टाकली, ती.

चार वर्षं त्यांची भेट नव्हती. अब्बा गेले तेव्हा सरांचं पत्र आलं होतं, तीन ओळींचं. मग यंदा उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. "तुमच्या सरची तब्येत बरी नाही. तुमाले इचारून राहिले. जमंन तर येऊन जा."

सर पलंगावर उशांना टेकून बसले होते. फार वाळले होते. आयुष्यभराची ती बारीक माती फुप्फुसात बसली होती. दोन वाक्यांच्या मध्ये थांबावं लागायचं. नाकाला नळी होती. मला पाहून हसले, "बस बेटा."

काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी ठरवूनच आले होते. एवढं एक ओझं त्यांच्यासमोर उतरवायचं होतं.

"सर, एक सांगायचं राहिलं. तेव्हा तुम्ही विचारलं, कधी समजलं, तर मी काल-परवा म्हटलं. खोटं होतं ते. पाच आठवडे आधी समजलं होतं मला."

"मालूम हाये," ते म्हणाले. "सिलिंडरचं रजिस्टर पाह्यलं होतं मी. नायट्रोजन चार खेपा जास्त गेलता."

"मग बोललात काहून नाही?"

ते श्वास जमा करत राहिले. मला वाटलं, क्षमा करतील, नाहीतर रागावतील. मी दोन्हीची तयारी केली होती.

"कोण्या तोंडानं बोलू?" ते म्हणाले. "तुह्ये पाच आठवडे. माह्ये तीन वर्षं."

मला कळलं नाही. कळलं नाही असं मी दाखवलं, असं म्हणणं खरं होईल.

"तुपाच्या कारखान्याची नळी म्हटल्यावर केमिस्ट्रीच्या माणसाले अजून काय सांगा लागते?" ते हळूहळू बोलत होते. "तुह्या अब्बानं इचारलं, आतून घासू काय. मी नाही म्हटलं. कायले नाही म्हटलं, तवा मलेच समजलं नाही. तेल आलं अन् समजलं. म्हटलं उद्या रिकामी तापवून पाहू. दुसऱ्या दिवशी गजानन हसून राहिला होता. वीस वर्षानं आलं होतं बेटा. म्हटलं, हप्ताभर राहू द्या. मंग हप्ते होत गेले."

"सर, गजाननभाऊची डिग्री..."

"हो."

"त्याचे वडील तुमच्या पाया पडले तेव्हा..."

"हो," ते म्हणाले. "तवा बी."

आत काकू कपबश्या काढत होत्या. मी उठले. पर्स खांद्याला लावली. मला त्यांच्याकडं पाहवत नव्हतं. कारखान्यातल्या पोरींना इतकी वर्षं सांगत आलेली ती गोष्ट डोक्यात वाजत होती. तीन पत्रं, एक संध्याकाळ.

"तू सांगतलं त्या दिवशी मले सुटल्यावानी झालं," ते माझ्या पाठीशी म्हणाले. "अन् तुहा राग बी आला. लय आला. बस. चहा येऊन राहिला."

मी बसले. काकूंनी चहा आणला, सोबत चिवडा. त्यांनी माझ्या नोकरीचं विचारलं, अम्मीच्या गुडघ्यांचं विचारलं. सरांनी बशीतून दोन घोट घेतले. मी निघताना ते डोळे मिटून पडले होते. झोपले होते की नाही, माहीत नाही. मी हाक मारली नाही.

त्यानंतर अकराव्या दिवशी ते गेले.

काकूंनी कळवलं तेव्हा मी कारखान्यात होते. गजाननभाऊला कळवायचं काम माझ्यावरच आलं, काकूंकडं त्याचा नंबरच नव्हता. त्यानं फोन उचलला, मागं पोरांचा गलका होता. मी सांगितलं. गलका कमी झाला, बहुतेक तो बाहेर आला असावा. 

मग म्हणाला, "ताई, एक खरं सांग. सरले आधी माहीत नव्हतं ना?"

मी नाही म्हणू शकत होते. माणूस गेला होता. कुणाला काय फरक पडला असता!

"होतं," मी म्हटलं. "पहिल्यापासून. आणि मलाही पाच आठवडे आधी."

त्यानं फोन ठेवला. मी परत लावला नाही.

संध्याकाळी अकोल्याच्या स्मशानाबाहेर फाटकापाशी मी उभी होते. घरच्या बायका मागं राहिल्या होत्या, आत जावं की नाही मला सुधरत नव्हतं. आत चार-पाच माणसं, कॉलेजातला एकच जुना शिपाई. लाकडं रचून झाली होती. तेवढ्यात रस्त्यापलीकडं मोटारसायकल येऊन थांबली. गजाननभाऊ होता. तेल्हाऱ्याहून उन्हातून आलेला, सदऱ्याला घामाचे डाग. त्यानं मला पाहिलं. जवळ आला नाही. हेल्मेट काढून हातात धरलं आणि तिथंच, गाडीला टेकून, फाटकाकडं तोंड करून उभा राहिला.

आतून कुणीतरी हाक मारली, "शेवटचं दर्शन घेणारे कोणी राह्यले काय? या, आता या." तो हलला नाही. धूर वर आला, झाडांच्या वर गेला. आतली माणसं एकेक करून बाहेर पडली, हात-पाय धुऊन निघून गेली. शिपायानं मला "चाला मॅडम, स्टँडपर्यंत सोडतो" म्हटलं, तेव्हा दिवे लागले होते.

मी रस्ता ओलांडून त्याच्याजवळ गेले. "चला भाऊ," म्हटलं.

"तू जाय," तो म्हणाला. "मी थांबतो अजून थोडा वेळ."